कोलंबसचे ते तीन आठवडे

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने 20 जानेवारी 2025 च्या रात्री अटलांटात नोटर डेमला 34-23 असं हरवलं आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद दहा वर्षांनी पुन्हा कोलंबसला आणलं. त्या विजयावर इथे इतकं लिहून झालंय की आणखी भर घालायची गरज नाही. मला लिहायचंय ते त्याआधीच्या तीन आठवड्यांबद्दल, म्हणजे 30 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 2024 या दिवसांबद्दल. माझ्या मते त्या हंगामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या दिवसांत घडली. चषक आल्यावर गावाने ती विसरून जायचं ठरवलं. मला ते मान्य नाही.

मी कोल्हापूरची. कोलंबसजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझ्या वर्गात बसणारी मुलं सोळा-सतरा वर्षांची, आणि ओहायो स्टेटच्या मैदानावर उतरणारी त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठी. हे अंतर किती कमी आहे, ते टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. अंगावर जाड पॅड, डोक्याला हेल्मेट, त्यामुळे मुलं गड्यांसारखी दिसतात. हेल्मेट काढलं की गालावर नीट दाढीही आलेली नसते.

इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा पुढे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं समजलं तरी पुढचं कळेल. कोलंबसमध्ये मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगचा संघ नाही, त्यामुळे गावाची सगळी माया विद्यापीठाच्या संघावर. ओलेंटांजी नदीकाठचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम 1922 सालचं, एक लाख दोन हजारांवर माणसं बसतात, आणि भरतं. दुकानात, दवाखान्यात, विमानतळावर कुणी अनोळखी माणूस ‘ओ-एच’ म्हणाला की समोरच्याने ‘आय-ओ’ म्हणायचं, हा इथला रामराम. मिशिगनविरुद्धच्या सामन्याला तर नावही लागत नाही, नुसतं ‘द गेम’ म्हणतात. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचं प्रत्येक एम अक्षर लाल पट्टीने फुली मारून झाकतात, कारण मिशिगन एम ने सुरू होतं. पेठापेठांची ईर्ष्या पाहत वाढलेल्या मला हे सगळं पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं. मनापासून आवडतं, अजूनही.

तर 30 नोव्हेंबरला हा संघ आपल्याच मैदानावर मिशिगनकडून 13-10 असा हरला. मिशिगनचा तो हंगाम सुमार चालला होता, त्यांनी तोवर सहा सामने जिंकले होते आणि पाच हरले होते. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, आणि सट्टेवाल्यांच्या मते जवळजवळ वीस गुणांनी जिंकणार. मिशिगनकडून सलग चौथी हार. मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत मिरचीचा फवारा मारला, आणि पुढे दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलरचा दंड झाला.

हार कशाने झाली हे खेळ समजणाऱ्या कुणालाही सांगता येईल. मिशिगनच्या बचावफळीचा मधला भाग, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट ही जोडी, देशातल्या सर्वोत्तमांपैकी. ओहायो स्टेटच्या आघाडीच्या फळीतले दोन मोहरे, जॉश सिमन्स आणि सेथ मॅकलॉफ्लिन, दुखापतीने आधीच बाहेर. अशा वेळी चेंडू बाजूने काढायचा, जेरेमाया स्मिथसारख्या झेल घेणाऱ्याला लांबून द्यायचा. प्रशिक्षक रायन डे यांच्या संघाने मात्र पुन्हा पुन्हा त्या भिंतीच्या मधोमध धडका मारल्या. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, विल हॉवर्डने दोनदा चेंडू थेट शत्रूच्या हातात दिला. किकर जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून चेंडू मारायचे प्रयत्न, हुकले. अंतर होतं तीन गुणांचं आणि एका फील्ड गोलचे गुणही तीनच. म्हणजे काय झालं असेल ते ओळखा.

ही झाली टीका. ती करायलाच हवी. डे यांना तेव्हाही वर्षाला जवळपास कोटभर डॉलर मिळत होते, आणि एवढ्या पैशाच्या माणसाने चुकीचा डाव मांडला तर लोकांनी बोलायचं नाही तर कुणी? मीही त्या दुपारी चिडले होते. माझं म्हणणं त्या टीकेच्या पुढे जे गेलं त्याबद्दल आहे.

डे यांच्या कुटुंबाला धमक्या येणं नवीन नव्हतं. ते स्वतः याबद्दल बोलले आहेत. आधीही मिशिगनविरुद्धच्या पराभवानंतर त्या आल्या होत्या. या वेळी त्याची पुढची पायरी आली. खेळाडूंच्या सोशल मीडियावरच्या खात्यांवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं या वृत्तपत्रात छापता येणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने सोमवारी सकाळी फोन पुढे केला आणि किकरला कुणी काय लिहिलंय ते हसत हसत दाखवलं. लिहिणारा ओळखीचा निघाला. आमच्या वस्तीतला, मुलांना शनिवारी सॉकर शिकवणारा बापमाणूस. मला त्या मजकुरापेक्षा त्या नावाचा धक्का बसला.

डे यांचा तोवरचा हिशेब 66 विजय आणि 10 पराभव असा होता. देशात इतकी सरस कामगिरी असलेले प्रशिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण मिशिगनविरुद्ध एक विजय आणि चार पराभव, आणि गावाच्या लेखी तेवढंच खरं. त्यांना काढा, ही मागणी रेडिओवर, पेट्रोलपंपावर, आमच्या शिक्षकांच्या खोलीतही सुरू झाली. विद्यापीठाचे क्रीडासंचालक रॉस बियॉर्क यांनी जाहीरपणे सांगितलं की डे राहतील. त्या आठवड्यात हे बोलायला धाडस लागत होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालेलं नाही.

आणि हा माणूस कोण, तेही गावाला ठाऊक होतं. रायन डे लहान असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. मोठेपणी त्यांनी आणि पत्नी नीना यांनी कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभारला. 2021 च्या हंगामाआधी त्यांच्या संघातला हॅरी मिलर नावाचा खेळाडू त्यांच्याकडे गेला आणि आपल्याला जगायचं नाही असं म्हणाला. डे यांनी त्याला तिथल्या तिथे डॉक्टरांशी जोडून दिलं. मार्च 2022 मध्ये मिलरने हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, खेळ सोडला, आणि पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आमच्या शाळेतल्या समुपदेशकांनी ते पत्र मुलांना वाचायला दिलं होतं. ज्या गावाने हॅरी मिलरसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच गावाने पावणेतीन वर्षांनी एका किकरला नको ते लिहिलं. या दोन गोष्टी एकाच मनात कशा नांदतात हे मला अजून उलगडलेलं नाही.

या प्रश्नाला लोक दोन उत्तरं देतात. दोन्ही मला चुकीची वाटतात.

पहिलं उत्तर पैशाचं. 1 जुलै 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. ओहायो स्टेटच्या त्या हंगामातल्या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, हे खुद्द बियॉर्क यांनी सांगितलं. त्यातले काही दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले: हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून, क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून, केलेब डाउन्स अलाबामाहून. जून 2025 मध्ये तर न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना स्वतःच खेळाडूंना वर्षाला मिळून दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत देता येऊ लागले. मुलांना पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. कित्येक दशकं स्टेडियम भरत होती, टीव्हीवाले अब्जावधी मोजत होते, प्रशिक्षक गब्बर होत होते, आणि गुडघा फोडून घेणाऱ्या पोराला शिष्यवृत्तीवर समाधान मानायला लावत होते. ती लबाडी संपली, बरं झालं. पण त्यातून लोकांनी भलताच अर्थ काढला. आता तो पगारी आहे, मग त्याने ऐकून घ्यावं. मला पगार मिळतो म्हणून पालकाने माझ्या आईला शिव्या द्याव्यात का? कुठल्या नोकरीत असं चालतं?

या पैशामागे आणखी एक पैसा आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. ओहायोत 1 जानेवारी 2023 पासून खेळांवरचा सट्टा कायदेशीर झाला. त्याच महिन्यात डेटन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक अँथनी ग्रँट सामन्यानंतर पत्रकारांसमोर बसले आणि त्यांनी सांगितलं की पैज हरलेले लोक त्यांच्या खेळाडूंना घाणेरडे संदेश पाठवताहेत. राज्याने ऐकलं. खेळाडूला सट्ट्यापायी धमकावणाऱ्याला सट्टा खेळायला बंदी घालता येईल असा कायदा त्याच वर्षी केला. 2024 च्या मार्चपासून एकेका महाविद्यालयीन खेळाडूच्या कामगिरीवर, म्हणजे हा किती यार्ड पळेल, तो किती झेल घेईल यावर पैज लावायलाही मनाई केली. दोन्ही पावलं चांगली. पण 30 नोव्हेंबरच्या सामन्याच्या निकालावर पैज लावता येत होतीच, आणि वीस गुणांनी जिंकणारा संघ हरतो तेव्हा किती लोकांचे पैसे बुडतात याचा विचार करा. त्या रात्रीच्या शिव्यांमध्ये प्रेमभंग किती होता आणि बुडालेले डॉलर किती, हे वेगळं काढता येत नाही. गाव मात्र सगळ्याला प्रेमच म्हणत राहिलं.

दुसरं उत्तर असं, की या संतापानेच संघ पेटून उठला आणि म्हणून जिंकला. चषक आल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

काय घडलं ते बघू. पूर्वी चारच संघ अंतिम फेरीच्या स्पर्धेत जात. त्या पद्धतीत दोन पराभव झालेल्या ओहायो स्टेटला जागा मिळणं जवळपास अशक्य होतं. (पहिला पराभव ऑक्टोबरमध्ये ऑरेगॉनकडून, 32-31, एका गुणाने.) पण 2024 हे बारा संघांच्या नव्या स्पर्धेचं पहिलंच वर्ष. त्यामुळे दुसरी संधी मिळाली ती नियमाने, गावाच्या मेहेरबानीने नव्हे. मिशिगननंतर खेळाडू आणि प्रशिक्षक एका खोलीत बसले आणि एकमेकांना मनातलं सगळं ऐकवलं. जॅक सॉयर, एमेका एग्बुका, जे. टी. तुइमोलोआउ, ट्रेव्हेयॉन हेंडरसन ही शेवटच्या वर्षाची मुलं. व्यावसायिक लीगमध्ये जाता येत असताना ती एक वर्ष थांबली होती, मिशिगनला हरवायचं म्हणून. तेही जमलं नाही. मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या पँटच्या आकाराचं छोटंसं पदक द्यायची इथे 1934 पासून रीत आहे. या मुलांना चार वर्षांत ते एकदाही मिळालं नाही. म्हणजे राष्ट्रीय विजेते झाले, पण ते पदक नाही.

21 डिसेंबरला टेनेसीविरुद्धचा सामना कोलंबसमध्येच होता. हवा गोठणबिंदूखाली. गावातल्या बऱ्याच लोकांनी आपली तिकिटं विकून टाकली होती, आणि ती टेनेसीच्या लोकांनी घेतली. मी वरच्या मजल्यावर होते. आमच्या लाल स्टेडियममध्ये जिकडे तिकडे केशरी पट्टे दिसत होते. ज्यांनी पेटवलं असं आता सांगितलं जातं, ते त्या रात्री घरी होते. पहिल्याच चढाईत हॉवर्डने स्मिथला लांब चेंडू दिला आणि टचडाउन झाला. पहिल्या पावतासात 21-0, शेवटी 42-17. मिशिगनविरुद्ध जे केलं नाही ते केलं, एवढाच फरक. डाव बदलला म्हणून जिंकले. शिव्यांनी कुणाला चेंडू झेलता येत नाही.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते, कारण सांगायला मजा येते. नववर्षाच्या दिवशी रोझ बोलमध्ये ऑरेगॉनविरुद्ध, त्याच ऑरेगॉनविरुद्ध, दुसऱ्या सत्रातच 34-0. शेवट 41-21. एकोणीस वर्षांच्या स्मिथने 187 यार्डांचे झेल घेतले. मग कॉटन बोलमध्ये टेक्सास. 21-14 अशी आघाडी, दोन-सव्वादोन मिनिटं उरलेली, टेक्सासला आठ यार्ड हवेत आणि प्रयत्न शेवटचा. सॉयर घुसला, क्विन यूअर्सच्या हातातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि 83 यार्ड पळत सुटला. यूअर्स एकेकाळी ओहायो स्टेटमध्ये होता तेव्हा हे दोघे एकाच खोलीत राहायचे. आणि सॉयर पिकरिंग्टनचा, म्हणजे आमच्या कोलंबसच्या उपनगरातलाच. तो पळत असताना माझ्या घरातले सगळे उभे होते. माझी सासू नुकतीच साताऱ्याहून आलेली, तिला खेळातलं काही कळत नव्हतं, तीही ‘पळ, पळ’ म्हणून ओरडत होती.

अंतिम सामन्यात 31-7 अशी आघाडी होती, ती नोटर डेमने 31-23 वर आणली. घड्याळ संपायच्या बेतात असताना डे यांनी सुरक्षित खेळायचं सोडून हॉवर्डला लांब फेकायला सांगितलं. स्मिथने 56 यार्डांचा झेल घेतला. नोव्हेंबरमध्ये भित्रा म्हणून ज्यांची संभावना झाली त्यांचा हा निर्णय. त्यानंतर सव्वीस सेकंद उरले असताना 33 यार्डांवरून फील्ड गोल मारायला मैदानात आला तो जेडन फील्डिंग. चेंडू खांबांमधून गेला आणि विजय पक्का झाला.

विद्यापीठाने डे यांचा करार वाढवला, वर्षाला सव्वा कोटी डॉलर. जानेवारीच्या शेवटी स्टेडियममध्ये सत्कार झाला, हजारो लोक थंडीत आले. माझ्या ओळखीचा तो सॉकर शिकवणाराही मुलांना घेऊन गेला होता. त्याने फील्डिंगचं अभिनंदन करणारी पोस्ट टाकली. जुनी त्याने काढली होती की नाही, ते मी पाहिलं नाही. पण कुणीही, एकानेही, त्या तीन आठवड्यांबद्दल चूक झाली असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. चषकाने त्यांना माफ केलं असं त्यांनी गृहीत धरलं. आणि समजा फील्डिंगचा तो चेंडू मिशिगनविरुद्धसारखाच हुकला असता? तर त्याला काय लिहिलं गेलं असतं, आणि ते वाचून तो एकटा कुठल्या खोलीत बसला असता? हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून छळतो. माझ्या वर्गात दर वर्षी अशी एक-दोन मुलं असतात, जी गप्प गप्प होत जातात.

हे फक्त अमेरिकेतलं नाही हे मराठी वाचकाला सांगायला नको. 2021 मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला काय काय ऐकावं लागलं, त्याची बाजू घेतली म्हणून विराट कोहलीच्या वर्षही न झालेल्या मुलीबद्दल जी धमकी आली आणि त्यासाठी मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका तरुणाला पकडलं, 2022 मध्ये आशिया चषकात झेल सुटला तेव्हा अर्शदीप सिंगच्या वाट्याला काय आलं, हे सगळं आपल्या समोर घडलं. भारतात पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आली. ‘माझ्या ऑनलाइन टीममध्ये तू होतास, माझे पैसे घालवलेस’ असं म्हणणाऱ्यांची संख्या त्याने घटावी, अशी मला आशा आहे.

कोल्हापुरात माझा थोरला भाऊ तालमीकडून आपला फुटबॉल खेळायचा. एका सामन्यात त्याची पेनल्टी हुकली. पेठेतले लोक त्याला बोलले, कट्ट्यावर त्याने काही दिवस पाय ठेवला नाही. पण बोलणारे समोर होते, त्यांची नावं-गावं माहीत होती, आणि त्यातल्याच एकाने नंतर घरी येऊन आईला सांगितलं की त्याला पाठवा, सरावाला माणूस कमी पडतोय. फोनवर लिहिणारा कुणाच्याही घरी येत नाही.

म्हणून माझी विनंती कोलंबसला नाही, ती मी इथल्या वर्तमानपत्रात इंग्रजीत वेगळी केली आहे. ही विनंती कोल्हापुरातल्या तालमींच्या कार्यकर्त्यांना, आणि विशेषतः प्रत्येक तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनना आहे. शाहू स्टेडियमवर पुढचा हंगाम सुरू होण्याआधी ग्रुपवर एक नियम टाका: डावावर, पंचांवर, प्रशिक्षकावर काय हवं ते बोला, पण हरलेल्या पोराच्या आईबापावर, जातीवर, धर्मावर, शरीरावर कुणी लिहिलं तर तो मजकूर लगेच काढला जाईल आणि लिहिणारा त्या हंगामापुरता ग्रुपबाहेर. आणि सामना हरल्याच्या रात्री, ज्याच्या हातून गोल हुकला असेल त्याच्या घरी तुमच्यातल्या एकाने जाऊन या.